चार नंबरची जावक

खाली लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. गाव खरं, तारखा खऱ्या, माणसं खरी.

फक्त रात्र नाही.

भयकथेला रात्र लागते हे मला ठाऊक आहे. पण १९८९ च्या नोव्हेंबरात पांढुर्ण्याला दिवस मावळल्यावर वीज राहील याची हमी कोणी देत नसे. आणि ज्याला विजेच्या यंत्रातून यायचं आहे, त्याला ऑफिसच्या वेळेतच यावं लागतं.

तेव्हा हे सगळं घडलं ते दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.

रोज.

घडलं ते माझ्या साडूच्या, गुणवंता सोमकुवरच्या बाबतीत. त्याने मला हे एकदाच सांगितलं, तेही अर्धवट झोपेत. पण खोटं रचायला जेवढी कल्पनाशक्ती लागते तेवढी गुणवंताकडे नाही. लग्नात उखाणा घे म्हटलं, तर त्याने बायकोचं नाव आडनावासकट सांगितलं आणि खाली बसला.

तो नागपूरच्या एका कॉम्प्युटर कंपनीत होता. हुद्दा इंजिनीअरचा, काम हमालाचं. ज्यांनी कॉम्प्युटर घेतले त्यांच्या गावी खोकी न्यायची, तारा ओढायच्या, यंत्रं सुरू करून द्यायची आणि ‘काम पूर्ण झाले’ या कागदावर सही आणायची. सही मिळाली की पुढचं गाव. दिवाळीच्या सुट्टीत तो दोन दिवस घरी होता. त्यातला एक झोपण्यात गेला.

पांढुर्ण्याला स्टेशनजवळ संत्री बाहेरगावी पाठवणारा एक सहकारी संघ होता. ऑफिसात सहा टेबलं आणि प्रिंटर एकच. म्हणून गुणवंताला बोलावलं. सगळी मशीनं एका तारेनं जोडायची. भिंतीशी एक मोठं मशीन ठेवायचं, त्याला सर्व्हर म्हणायचं. कोणीही आपल्या टेबलावरून कागद मागितला की सर्व्हरने रांग लावायची आणि प्रिंटरवर एकेक काम सोडायचं. कोणाचं काम कोणतं हे कळावं म्हणून प्रत्येक कामाआधी प्रिंटर एक वेगळं पान काढायचा. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव, टेबलाचा नंबर आणि वेळ.

हा नंबर मशीनच्या पोटातल्या कार्डावर ठरतो. तिथे नखाएवढी आठ पांढरी बटणं असतात, ती वर-खाली करायची. एकदा ठरला की टेबलावर बसणाऱ्याला तो बदलता येत नाही.

नंबर वाटण्यातच दीड दिवस गेला.

गुणवंताने दारापासून ओळीने नंबर दिले होते. ऑफिसचे बडेबाबू यशवंतराव यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“म्हणजे परवा लागलेला टायपिस्ट एक नंबर, अन् मी सहा?”

“साहेब, मशीनला सगळे नंबर सारखेच.”

“मशीनले असंन. ऑफिसले नाही.”

मग पाचही मशीनं उघडून सगळी बटणं पुन्हा बसवली. सेवाज्येष्ठतेप्रमाणे. यशवंतराव एक. दोन झाला, तीन झाला. आणि गाडी चारवर थांबली.

चार नंबर भगवंतरावांचा.

भगवंतराव जावकबाबू. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, रजिस्टरात चढवायचा आणि डाकेत टाकायचा, हे त्यांचं काम. अठरा जुलैला ते वारले. टेबल तसंच होतं. त्यावर बसायला माणूस नाही म्हणून मशीनही घेतलं नव्हतं.

“मग पुढच्यांना एकेक वर सरकवू,” गुणवंता म्हणाला.

सगळ्यांनी यशवंतरावांकडे पाहिलं. पंखा तेवढा फिरत होता.

“बसा सोमकुवर,” यशवंतराव म्हणाले. “हे तुमच्या सर्व्हरातून जी यादी छापून निघंन, ती भोपाळले हेड ऑफिसात जाणार. यादीत चार नाही, म्हणजे पद नाही. पद नाही, म्हणजे भगवंतरावच्या बायकोले नोकरी नाही. अनुकंपेवर तिले त्याच जागेवर घ्यायचं आहे. अर्ज मार्गावर आहे.”

“पण चारवर मशीनच नाही.”

“मशीन नसंन. नंबर तर राहू शकते ना?”

“राहू शकतो. नाव कोणाचं टाकू?”

“दुसरा येतपर्यंत त्याचंच चालते.”

गुणवंताने टाकलं. नंबर चार, नाव भगवंतराव. त्या टेबलाची तार वेटोळं करून पायाला बांधून ठेवली. तिच्या टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं.

ही तेरा तारीख. सोमवार.

मंगळवारी दुपारी सगळे आपापल्या टेबलावर होते. कोणी काही छापत नव्हतं. छापण्यासारखं कोणी काही केलंच नव्हतं.

आणि प्रिंटर सुरू झाला...

चर्रर्र... चर्रर्र... चर्रर्र...

एक पान निघालं. त्यावर इंग्रजीत, फुल्या-फुल्या जोडून काढलेली मोठी अक्षरं.

भगवंतराव. नंबर चार. वेळ चार दहा.

त्यामागून दुसरं पान निघालं.

कोरं.

ऑफिसचे चपराशी नत्थूजी यांनी दोन्ही पानं फाडली, चारचा आकडा पाहिला आणि सवयीने चार नंबरच्या टेबलावर नेऊन ठेवली. मग त्यांच्या लक्षात आलं. मग ते बाहेर जाऊन उभे राहिले.

“हे कोणाचं काम आहे?” यशवंतरावांनी विचारलं.

त्या ऑफिसात कोणाचंही काम नव्हतं, हे खरं तर सगळ्यांना माहीत होतं.

गुणवंता घाबरला नाही. तो बौद्ध घरातला. आत्मा नाही, हे त्याला चौथीपासून पाठ. वडिलांनी अंगारे-धुपारे घरातून केव्हाच हद्दपार केलेले. त्यामुळे भूत आहे असं म्हणायची सोय त्याला नव्हती. त्याला फक्त बिघाड शोधता येत होता.

बुधवारी त्याने पाचही मशीनं उघडली. बटणं तपासली. एक, दोन, तीन, पाच, सहा. चार कुठेच नाही. सर्व्हरची रांग पाहिली. रिकामी. मग चार नंबरची तार सर्व्हरच्या बाजूनेही उपटून काढली. ती आता दोन्ही टोकांनी मोकळी होती. तार कसली, दोरी.

चार वाजले.

चार पाच...

चार दहा.

चर्रर्र... चर्रर्र...

भगवंतराव. नंबर चार. आणि मागून कोरं पान.

“नारळ आणू का?” नत्थूजींनी हळूच विचारलं.

“प्रिंटरवर फोडता?”

“नाही जी. पायरीवर.” मग जरा थांबून, भिंतीकडे बघत ते म्हणाले, “चार दहा म्हणजे त्याईची डाक बांधायची वेळ. साडेचारले पोस्टातली थैली जाते ना. सव्वीस वर्षं त्याईनं चार अकरा होऊ नाही देले.”

“नत्थूजी, मशीनमध्ये बिघाड आहे.”

“हव जी. मी कुठं काय म्हणून राहिलो?”

संध्याकाळी यशवंतरावांनी गुणवंताला समोर बसवून घेतलं.

“हे पाहा, असं आपोआप पान निघून राहिलं तर मी ‘काम पूर्ण’ कसं लिहून देऊ?”

“मग चार काढून टाकतो. नंबरच नसला तर पान येणार नाही.”

“चार काढू नका.”

“मग?”

“चार काढू नका. अन् चारचं पान येऊ देऊ नका. शनिवारी सही घेऊन जा.”

गुणवंता लॉजवर गेला. तिथे पलंगापेक्षा तो सहा इंच लांब होता. पाय बाहेर काढून त्याने आढ्याकडे पाहिलं. घर सोडून नऊ दिवस झाले होते. धाकट्या मुलीने मागच्या खेपेला त्याला ‘काका’ म्हटलं होतं.

गुरुवारी त्याने शेवटचा उपाय केला. साडेतीनला सगळ्यांना उठवलं. पाचही मशीनं बंद केली, त्यांच्या तारा काढल्या आणि टोकं टेबलांवर ओळीने मांडून ठेवली. आता जिवंत दोनच वस्तू. सर्व्हर आणि प्रिंटर.

सगळे बाबू व्हरांड्यात गेले. चहा प्यायचा आहे म्हणाले. चहा आला नव्हता.

गुणवंता प्रिंटरसमोर स्टुलावर बसला. समोर चार नंबरचं टेबल. खुर्ची आत सरकवलेली. बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत होते. मग तेही थांबले.

चार आठ.

चार नऊ...

सर्व्हरचा पंखा घरघरत होता. तेवढाच आवाज.

चर्रर्र...

तो उठला नाही. त्याने सर्व्हरच्या पडद्याकडे पाहिलं. रांगेत काही नव्हतं. जे नव्हतं तेच छापलं जात होतं.

भगवंतराव. नंबर चार.

दुसरं पान हळूहळू वर सरकलं... अर्धं आलं... थांबलं...

आणि प्रिंटरची सुई मध्यभागी जाऊन तीनदा वाजली.

पानावर तीन आकडे होते.

३१८.

बाकी काही नाही.

पान सगळ्यांच्या हातांतून फिरलं. टायपिस्ट म्हणाला लॉटरीचा असेल. दोन नंबरचे म्हणाले खोलीचा असेल. यशवंतरावांनी ते उलटं धरूनही पाहिलं. मग परत दिलं.

“सोमकुवर, चार काढा.”

“पण त्या बाई...”

“मलेही वाईट वाटते. पण आम्ही पाच जणं इथं बसतो. शनिवारी सकाळी काढा, यादी छापा, सही घ्या.”

हेच तर गुणवंताला हवं होतं. एक नंबर पुसायचा आणि घरी जायचं. दोन मिनिटांचं काम. तरी त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि थकलेल्या माणसाला झोप न लागणं हे माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सर्वात भयानक लक्षण होतं.

शुक्रवारी त्याला सौंसरला जायचंच होतं, भगवंतराव राहायचे त्या गावी. संघाच्या तिथल्या खोलीत एक सुटं मशीन होतं, त्याची धूळ काढायची होती. धूळ काढून झाल्यावर त्याने भगवंतरावांचं घर विचारलं. दोन नंबर त्या बाईच्या हक्काचे असते तर वेगळं. एकच होता. तो पुसण्याआधी सांगून यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

भगवंतरावांच्या पत्नी चंद्रकलाबाई ओसरीवर शिलाई मशीनवर बसल्या होत्या. शेजारी ब्लाउजांचा ढीग. त्यांनी पाणी दिलं आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

“बोला भाऊ. माया हात चालू राहू द्या, आज द्यायचे आहेत हे.”

“मी पांढुर्ण्याच्या ऑफिसातून... म्हणजे ऑफिसचा नाही. कॉम्प्युटर बसवायला आलोय.”

“अर्जाचं काही समजलं का?”

“मार्गावर आहे म्हणतात.”

“हव. चार महिन्यांपासून मार्गावरच आहे.” त्यांनी दाताने दोरा तोडला. “तेरवी झाली त्याच आठवड्यात नेऊन देला मी यशवंतरावच्या हाती. दर पंधरा दिवसांनी चक्कर मारून राहिली. दर वेळी मार्गावर. संघाचा नियम आहे, माणूस गेल्यापासून चार महिन्यांच्या आत अर्जाले जावक नंबर पडला पाहिजे. उद्या चार महिने होतात.”

“उद्या?”

“अठरा तारीख. ह्यांचा एक गुण होता, भाऊ. टेबलावर कागद ठेवून कधी घरी नाही आले. घरी किराणा आणायले विसरत, पण जावक नाही.” मग त्यांनी मान वर केली. “तुमी काहून आले होते?”

गुणवंताला नंबर पुसण्याचं सांगायचं होतं. जिभेवर वेगळंच आलं.

“मशीनमध्ये जरा त्रास आहे. चार नंबरचा.”

“ह्यांचाच असंन,” चंद्रकलाबाई म्हणाल्या आणि पायडल मारलं.

पांढुर्ण्याची बस दीडला होती. ती दोनला निघाली. गुणवंता ऑफिसात शिरला तेव्हा साडेतीन वाजले होते.

तो सरळ चार नंबरच्या टेबलाकडे गेला. कोपऱ्यात लाकडी ट्रे होता, ‘जावक’ लिहिलेला. वर धूळ. धुळीखाली चंद्रकलाबाईंचा अर्ज. पाकीट तयार, पत्ता लिहिलेला, आत यशवंतरावांची शिफारस, ऑगस्टातली.

नंबर नव्हता.

“साहेब, हा इथेच आहे.”

“मग कुठं असंन?” यशवंतराव म्हणाले. “जावकेत आहे. मी त्याच दिवशी टाकला.”

“पण तो पाठवला कोणीच नाही!”

“पाठवणं जावकबाबूचं काम. जावकबाबू नाही. त्याची जागा भरायची तर अर्ज गेला पाहिजे. अर्ज जायचा तर जागा भरली पाहिजे.” यशवंतरावांनी हात पसरले. आवाज खाली आला. “एकदा मी नंबर टाकला ना सोमकुवर, की जावक जन्माची माया गळ्यात. रिटायर होऊ द्या मले.”

“चार महिन्यांत बाकीचे कागद?”

“गावातले नत्थूजी हातोहात देते.”

“आणि भोपाळचे?”

यशवंतरावांनी चष्मा पुसायला घेतला.

चार महिन्यांत पांढुर्ण्याहून भोपाळला एकही कागद गेला नव्हता. भोपाळच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

गुणवंताने खणातून जावक रजिस्टर काढलं. पानं उलटली. भगवंतरावांचं अक्षर लहान आणि सरळ, प्रत्येक ओळीच्या शेवटी सही, सहीखाली दोन टिंबं. शेवटची नोंद सतरा जुलै.

नंबर ३१७.

त्याखालची ओळ रिकामी.

त्याच्या खिशात कालचं पान होतं. त्याने ते काढलं नाही. त्यावर काय आहे हे त्याला माहीत होतं... आणि आता ते कशाचं आहे, हेही.

आत्मा नाही, तो मनात म्हणाला. आत्मा नाही. मग त्याने पेन उघडलं.

“काय करून राहिले तुमी?” यशवंतराव अर्धे उठले. “तुमी स्टाफवर नाही!”

“म्हणूनच. माझ्या गळ्यात काय पडणार?”

त्याने लिहिलं. ३१८. सतरा नोव्हेंबर. विषय, अनुकंपा नियुक्तीचा अर्ज. भोपाळ. शेवटचा रकाना ‘पाठवणाऱ्याची सही’. तिथे मात्र त्याचं पेन थांबलं. परक्या माणसाची सही दिसली तर नोंदच बाद होईल. त्याने तो रकाना कोरा सोडला, पाकिटावर नंबर टाकला आणि नत्थूजींच्या हाती दिलं.

नत्थूजी साठीकडे झुकलेले. त्या दिवशी त्यांनी सायकल अशी मारली की संत्र्यांच्या दोन गाड्यांनी त्यांना वाट दिली.

ऑफिसात कोणी बसलं नव्हतं. सगळे उभे.

चार नऊ.

चार दहा...

प्रिंटरने कागद एक ओळ वर सरकवला. माणूस खुर्चीत जरा सावरून बसतो तसा.

छापलं काहीच नाही.

चार अकरा.

सहा जण एकदमच श्वास सोडतात तेव्हा केवढा आवाज होतो, हे गुणवंताला त्या दिवशी कळलं. त्याने सहज मोजले. बाबू चार, यशवंतराव पाच, आणि तो स्वतः सहा. नत्थूजी पोस्टात. म्हणजे हिशेब बरोबर होता.

तरी त्याला वाटत राहिलं, सातवा आवाज उशिरा आला. चार नंबरकडून.

शनिवारी सकाळी दहाला तो यादी छापायला बसला. पाच माणसं, सहा नंबर; चार काढा असं आता कोणी म्हणत नव्हतं. त्याआधी कालची नोंद एकदा पाहावी म्हणून त्याने रजिस्टर उघडलं.

ओळ ३१८. त्याच्याच अक्षरात, त्याच्याच पेनाच्या निळ्या शाईत.

आणि शेवटच्या रकान्यात...

सही होती.

लहान, सरळ. खाली दोन टिंबं.

ऑफिसची किल्ली नत्थूजींकडे असायची. नत्थूजी शपथेवर सांगत होते की आपल्याला फक्त अंगठा येतो. ते खरंही होतं. गुणवंताने रजिस्टर यशवंतरावांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. ३१७ पाहिला. ३१८ पाहिला. पुन्हा ३१७ पाहिला.

“भगवंतरावचीच आहे,” ते म्हणाले.

“साहेब, पण हे कसं...”

“सही आहे ना? मग नोंद पूर्ण झाली.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “आणा तुमचा कागद.”

‘काम पूर्ण झाले.’ यशवंतरावांनी सही केली.

गुणवंता दुपारच्या पॅसेंजरने नागपूरला गेला. गाडी सुटली तेव्हा स्टेशनच्या घड्याळाकडे त्याने पाहिलं नाही. आजही तो कोणत्याही ऑफिसात प्रिंटर बसवायला गेला की चारच्या सुमारास प्रिंटर बंद करतो आणि बाहेर चहाला जातो. “आम्ही आत्मा मानत नाही,” एवढंच म्हणतो. कारण विचारलं तर चिडतो.

मार्चमध्ये भोपाळहून पत्र आलं. अर्ज मुदतीत मिळाला होता. मात्र यादीनुसार पांढुर्ण्याच्या चार नंबरवर भगवंतराव कामावर आहेत, त्यामुळे ती जागा रिकामी नाही, असं त्यात लिहिलं होतं. चंद्रकलाबाईंना त्याच भगवंतरावांच्या निधनामुळे छिंदवाड्याच्या ऑफिसात घेतलं.

सौंसरहून तिकडे जायला सकाळी सातची बस आहे.